बाद फेरीतले उलटफेर: डावपेच किती आणि निकालानंतरचं शहाणपण किती?

डावा_बॅक

दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने बाद फेरीत एखाद्या बड्या संघाला घरी पाठवलं की दुसऱ्या दिवशी त्याचा प्रशिक्षक चाणक्य ठरतो आणि हरलेला प्रशिक्षक मूर्ख. सामना किती थोडक्यात फिरला हे बघायला कोणाला वेळ नसतो.

६ डिसेंबर २०२२. फुटबॉल विश्वचषक, स्पेन विरुद्ध मोरोक्को, उपउपांत्यपूर्व फेरी. स्पेनने हजाराच्या आसपास पास दिले, गोल शून्य. साराबिया ११८व्या मिनिटाला मैदानात उतरला आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी त्याचा फटका पोस्टला लागून बाहेर गेला. तो आत गेला असता तर सगळ्यांनी काय लिहिलं असतं ते मला तोंडपाठ आहे: "मोरोक्कोने नुसता बचाव केला, इतक्या भित्र्या खेळाने कोणी जिंकत नाही." मग शूटआउटमध्ये साराबियाने पुन्हा पोस्टलाच मारला, सोलेर आणि बुस्केट्सच्या पेनल्टी मोरोक्कोचा गोलरक्षक बोनो याने अडवल्या, हकीमीने शेवटची पेनल्टी पानेंका पद्धतीने अलगद मधोमध सोडली. आणि मोरोक्कोच्या प्रशिक्षकाची, रेग्रागुईची, योजना जगातली सर्वोत्तम ठरली.

योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. फक्त तिची परीक्षा झाली का, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी माझी एक साधी कसोटी आहे: बड्या संघाने पाचव्या मिनिटाला गोल केला, तर लहान संघाकडे पुढे करण्यासारखं काही आहे का? असेल तर तो डावपेच. नसेल तर ती ०-० टिकवण्याची चिकाटी. चिकाटीलाही माझा सलाम आहे, पण दोन्हींना एकच नाव देऊ नका.

आणि मोरोक्कोला हा पेपर खरोखर आलाच. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या थिओ हर्नांडेझने पाचव्याच मिनिटाला गोल केला. निकाल ०-२.

तुम्हाला कोणते उलटफेर या कसोटीला उतरतील असं वाटतं? फक्त बाद फेरीतलेच सामने घ्या. गट साखळीत सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवलं वगैरे नको, तिथे हरूनही विश्वचषक जिंकता येतो हे अर्जेंटिनानेच दाखवलंय.

सहावा_राखीव

जागा धरून बसलोय. ग्रीस कितव्या प्रतिसादात येतंय ते बघू.

थ्रो_इन

पाचवं मिनिट कशाला, चौथं घ्या. युरो स्पर्धा, २७ जून २०१६, नीस, इंग्लंड विरुद्ध आइसलँड. चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर रूनीचा गोल. तुमच्या हिशेबाने तिथे आइसलँडचा सामना संपायला हवा होता. सहाव्या मिनिटाला बरोबरी!

आणि तो गोल नशिबाचा नव्हता. गुन्नार्सनचा लांब थ्रो, आर्नासनने डोक्याने पुढे सरकवलेला चेंडू आणि मागून धावत आलेला सिगुर्डसन. आइसलँड लांब थ्रो टाकतं हे त्या स्पर्धेत सगळ्यांना माहीत होतं, इंग्लंडलाही. तरीही दुसऱ्या चेंडूवर कोणाचं लक्ष नाही. मला यातली खरी गंमत वाटते ती हीच, की डावपेच लपवलेला नव्हताच. उघडपणे समोर ठेवला होता आणि तो थांबवता आला नाही.

अठराव्या मिनिटाला सिगथॉरसनचा गोल, २-१. त्यानंतर सत्तरहून जास्त मिनिटं इंग्लंडकडे चेंडू होता आणि करायला काही नव्हतं. आइसलँडचे प्रशिक्षक लागरबॅक आणि हालग्रिम्सन यांचं साधं ४-४-२: चार-चारच्या दोन ओळी, दोन्हींमध्ये जेमतेम दहा-बारा पावलांचं अंतर. इंग्लंडचे खेळाडू त्या फटीत शिरायचेच नाहीत, बाहेरून क्रॉस टाकायचे किंवा लांबून मारायचे. त्या क्रॉसवर आइसलँडचे बचावपटू दिवसभर डोकं लावत बसले असते. सामना संपल्यावर इंग्लंडचे प्रशिक्षक हॉजसननी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

म्हणजे तुमच्या कसोटीत आइसलँड पैकीच्या पैकी. पुढच्या फेरीत फ्रान्सने ५-२ धुतलं ते वेगळं.

लिबेरो

डावा_बॅक, कसोटी ठीक आहे, पण मोरोक्कोला नापास करताना तुम्ही अर्धाच पेपर तपासलात.

त्या उपांत्य सामन्यात मोरोक्को नेहमीच्या रचनेत नव्हतंच. रेग्रागुईने त्या दिवशी पाच बचावपटू लावले. त्यातला अगेर्द यादीत होता, पण सरावाच्या वेळी दुखापतीने बाहेर गेला. कर्णधार साइस दुखापतग्रस्त असूनही उतरला आणि एकविसाव्या मिनिटाला बाहेर आला. म्हणजे ज्या बचावफळीवर सगळी स्पर्धा उभी होती तिच्या मधले दोन खांब नाहीत. आणि तरीही ०-१ नंतर मोरोक्को कोसळलं का? मध्यांतराच्या तोंडावर एल यामिकची ओव्हरहेड किक पोस्टला लागली. दुसऱ्या सत्रात बराच वेळ चेंडू मोरोक्कोकडेच होता. फ्रान्सचा दुसरा गोल ७९व्या मिनिटाला, तोही नुकत्याच उतरलेल्या कोलो मुआनीचा. पिछाडीवर पडल्यावर मोरोक्को उलट मोकळं खेळलं.

स्पेनच्या सामन्याबद्दलही थोडं. "नुसता बचाव" म्हणजे काय? बॉक्समध्ये दहा माणसं कोंबणं आणि मोरोक्कोने केलं ते, यात फरक आहे. त्यांचा स्ट्रायकर एन-नेसिरी चेंडूमागे धावत नव्हता, तो बुस्केट्सला सावलीसारखा चिकटून होता. बुस्केट्सकडे पास जाणार नाही म्हटल्यावर स्पेनचे मध्य बचावपटू आपापसात चेंडू फिरवत राहतात आणि पासांचा आकडा हजारावर जातो. तो आकडा स्पेनच्या वर्चस्वाचा नाही, मोरोक्कोने त्यांना जिथे ठेवलं त्या जागेचा आहे. बॉक्ससमोर अम्राबात एकटा उभा होता आणि पुरेसा होता.

पोर्तुगालविरुद्ध तर मोरोक्कोने ४२व्या मिनिटाला स्वतः गोल केला आणि तो राखला. उपांत्य फेरीपर्यंत त्यांच्यावर झालेला एकमेव गोल म्हणजे कॅनडाविरुद्धचा स्वयंगोल. पाच सामने. एवढं सगळं चिकाटीच्या खात्यात टाकाल?

ऑफसाइड

लिबेरोकाकांशी सहमत. आता मूळ मुद्दा. माझ्या मते "बचाव करून बड्यांना हरवणं" हा अर्धाच विषय आहे. खरा डावपेच तो, जो बड्या संघाच्या सवयीवर बोट ठेवतो.

बेल्जियम २, ब्राझील १. विश्वचषक, कझान, ६ जुलै २०१८. बेल्जियम काही चिमुकला संघ नव्हता हे मान्य, पण ब्राझील त्या स्पर्धेत जिंकणार असं बहुतेक सगळे धरून चालले होते, आणि चार दिवस आधी बेल्जियम जपानविरुद्ध ०-२ ने मागे पडलं होतं. त्या सामन्यात बेल्जियमचा प्रशिक्षक मार्टिनेझने ६५व्या मिनिटाला फेलाइनी आणि शाडली यांना उतरवलं. दोघांनीही गोल केले. शाडलीचा तर भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला: जपानचा कॉर्नर, गोलरक्षक कुर्त्वाने चेंडू पकडून लगेच डी ब्रुइनेकडे टाकला आणि काही सेकंदांत जपानच्या जाळ्यात.

आता बघा. ब्राझीलविरुद्ध तेच फेलाइनी-शाडली सुरुवातीपासून मैदानात. लुकाकूला मधून काढून उजव्या बगलेला ठेवला, हझार्ड डावीकडे, आणि डी ब्रुइने मधोमध सर्वांत पुढे. का? कारण ब्राझीलचा डावा फुल बॅक मार्सेलो वर चढला की परत यायला वेळ लावतो, आणि ती जागा झाकणारा कासेमिरो दोन पिवळ्या कार्डांमुळे या सामन्याला बाहेर होता. लुकाकूने बचाव करायचाच नाही, फक्त त्या मोकळ्या पट्ट्यात उभं राहायचं. ३१व्या मिनिटाला ब्राझीलच्याच कॉर्नरवरून लुकाकू स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन पळाला, डी ब्रुइनेला दिला, बुलेटसारखा फटका, २-०. प्रतिहल्ल्याची हीच शिकवणी जपानविरुद्ध घेतली होती.

हा माझ्या लेखी बाद फेरीतला गेल्या वीस वर्षांतला सर्वांत शुद्ध डावपेच. समोरच्याच्या संघातला एक खेळाडू नाही, त्या एका गैरहजेरीवर अख्खी रचना बेतली.

डावा_बॅक

ऑफसाइड, बेल्जियमचं उदाहरण उत्तम. पण पहिल्या आठ-दहा मिनिटांत थियागो सिल्वाचा चेंडू पोस्टला लागला होता, आणि १३व्या मिनिटाचा बेल्जियमचा पहिला गोल फर्नांडिन्योचा स्वयंगोल होता. दुसऱ्या सत्रात ब्राझीलने इतके फटके मारले की कुर्त्वाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेवटच्या क्षणी नेमारचा फटका त्याने बोटांच्या टोकाने वरून घालवला. हे सगळं "शुद्ध"मध्ये कुठे बसवायचं?

ऑफसाइड

नशीब नाही असं कोण म्हणतंय? मार्टिनेझने फासे आपल्या बाजूने जड केले, एवढंच. नंतर ते उलटे पडले असते तरी मी हेच लिहिलं असतं.

सहावा_राखीव

नसतं लिहिलं. 😄

मधली_फळी

पिछाडीवर पडून जिंकलेल्यांची चर्चा आहे आणि अजून दक्षिण कोरिया-इटली नाही? २००२चा विश्वचषक, डेजॉन. पाचव्या मिनिटाला कोरियालाच पेनल्टी मिळते, आन जंग-ह्वानची पेनल्टी बुफॉन अडवतो. १८व्या मिनिटाला व्हिएरीचा हेडर, इटली १-०. इटली १-०ने पुढे, म्हणजे त्या काळी सामना संपला असं लोक टीव्ही बंद करून सांगायचे.

६१व्या मिनिटाला इटलीचा प्रशिक्षक त्रापात्तोनीने आघाडीच्या देल पिएरोला काढून मधल्या फळीतल्या गातुसोला आणलं. आघाडी राखायची! कोरियाचा प्रशिक्षक हिडिंकने नेमकं उलट केलं. एकेक करत बचावातली आणि मधल्या फळीतली माणसं काढली आणि आघाडीचे खेळाडू उतरवले. ८३व्या मिनिटाला कर्णधार हाँग म्युंग-बो, जो बचावाचा कणा, त्यालाही बाहेर काढून चा दु-रीला आणलं. शेवटी कोरियाचे इतके आघाडीपटू मैदानात होते की कोण कुठे खेळतोय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ८८व्या मिनिटाला सोल की-ह्योनची बरोबरी आणि ११७व्या मिनिटाला आनचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेतला पहिला गोल आणि सामना तिथेच संपला. तोच आन, ज्याने पेनल्टी घालवली होती.

हा खरा जुगार. एक गोल खाल्ला की संपणार हे माहीत असून खेळलेला. तुमची कसोटी पाचव्या मिनिटाची आहे, हिडिंकची ८३व्या मिनिटाची होती.

गोलपोस्ट

आणि पंच मोरेनो कुठे गेले तुमच्या गोष्टीतून? तोत्तीला दुसरं पिवळं कार्ड, तोम्मासीचा गोल्डन गोल ऑफसाइड म्हणून रद्द. याला डावपेच म्हणायचं असेल तर धन्य.

मधली_फळी

तोम्मासीचा निर्णय चुकीचा होता, तोत्तीचाही वादग्रस्त. पण दोन्ही गोष्टी जादा वेळेतल्या. नव्वद मिनिटांत १-०ची आघाडी ८८व्या मिनिटाला सोडली, ती कोणत्या पंचाने सोडायला लावली? त्याआधी सत्तर मिनिटं इटलीने दुसरा गोल करायचा प्रयत्नच नीट केला नाही. त्या सामन्यावर मोरेनोचं नाव इतकं मोठं लिहिलं गेलं की देल पिएरोच्या बदलीबद्दल कोणी बोलतच नाही. त्रापात्तोनींच्या दृष्टीने बरंच झालं.

डावा_बॅक

पंचांवर वेगळा धागा काढा, इथे नको. नाहीतर शंभर प्रतिसाद त्याच्यावरच होतील आणि ग्रीस राहून जाईल.

लिबेरो

घ्या ग्रीस. माझं आयडी बघून तुम्हाला वाटलंच असेल की मी वाट बघत होतो.

२००४च्या युरोमध्ये ग्रीसने बाद फेरीतले तिन्ही सामने १-०ने जिंकले. फ्रान्सविरुद्ध खारिस्तेआसचा हेडर, चेकविरुद्ध डेल्लासचा हेडर, अंतिम सामन्यात पोर्तुगालविरुद्ध पुन्हा खारिस्तेआसचा हेडर. तीन गोल, तिन्ही डोक्याने. डेल्लासचा गोल तर सिल्व्हर गोल (जादा वेळेचं सत्र संपताना जो पुढे, तो जिंकला), जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या शेवटच्या क्षणी कॉर्नरवर. चेकना उत्तर द्यायला एक मिनिटही उरलं नाही. हा नियम नंतर लगेच बाद झाला, त्यामुळे असा निकाल आता होणं नाही.

ग्रीसचा प्रशिक्षक रेहागेलवर आरोप असा की त्याने फुटबॉल वीस वर्षं मागे नेलं. माणसामागे माणूस लावून मार्किंग, मागे एक लिबेरो, म्हणजे सगळ्यांच्या मागे मोकळा राहणारा बचावपटू. हो, जुनं होतं. पण २००४मध्ये जुनं असणं हाच फायदा होता. तेव्हाचे सगळे आघाडीपटू झोनल, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या, बचावाच्या फटी शोधायला शिकलेले. ग्रीसचा बचावपटू सेइतारिदिस तुमच्याबरोबर पाणी प्यायलाही येणार, ही सवय कोणाला राहिली नव्हती. फ्रान्सच्या आघाडीला त्या सामन्यात मोकळा श्वास मिळाला नाही.

आता पाचव्या मिनिटाची कसोटी. बाद फेरीत ग्रीस एकदाही पिछाडीवर नव्हतं, मग उत्तर कुठे शोधायचं? गटात. स्पेनविरुद्ध मोरिएंतेसने पहिल्या सत्रात गोल केला, दुसऱ्या सत्रात खारिस्तेआसने बरोबरी केली, १-१. रशियाविरुद्ध सुरुवातीलाच ०-२ मागे पडले, एक गोल परत केला, १-२ हरले आणि केलेल्या गोलांच्या जोरावर गटातून पुढे गेले. म्हणजे मागे पडल्यावर ग्रीस फार काही करू शकत नव्हतं, पण एक गोल शोधून काढायचं. माझ्या मते काठावर पास.

सहावा_राखीव

एकूण बाराव्या प्रतिसादात ग्रीस. मला वाटलं होतं पाचव्यात येईल.

थ्रो_इन

काका, "मागे नेलं" म्हणणाऱ्यांनी पुढे २०१६चं पोर्तुगाल बघितलं आणि मग ग्रीसची माफी मागितली असेल. गटात तीन बरोबऱ्या, तिसऱ्या क्रमांकावरून बाद फेरीत, नव्वद मिनिटांत जिंकलेला अख्ख्या स्पर्धेतला एकच सामना, उपांत्य फेरीत वेल्सविरुद्ध. अंतिम सामन्यात रोनाल्डो २५व्या मिनिटाला बाहेर आणि तरी फ्रान्स त्यांच्याच घरात हरलं. एडरचा गोल १०९व्या मिनिटाला.

आणि एक विचारते. सगळी उदाहरणं पुरुषांच्याच स्पर्धांची का? २०११चा महिला विश्वचषक घ्या. जर्मनी यजमान, २००३ आणि २००७ची विजेती, उपांत्यपूर्व फेरीत समोर जपान. १०८व्या मिनिटाला बदली खेळाडू मारुयामाचा गोल, जर्मनी बाहेर. जर्मनीची उंची, ताकद, क्रॉस, सगळं जपानच्या बॉक्सवर दोन तास आदळत होतं. जपानचं उत्तर होतं छोटे पास आणि चेंडू गमावला की तिथल्या तिथे दोघी-तिघींनी घेरणं. उंचीने कमी पडणार हे ठरलेलं, म्हणून कॉर्नर कमीत कमी द्यायचे, म्हणजे बगलेतच लढायचं. आणि अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध दोनदा पिछाडीवर पडून दोनदा बरोबरी, दुसरी सावाची, ११७व्या मिनिटाला. मग शूटआउटमध्ये ३-१. डावा_बॅक यांच्या कसोटीत यापेक्षा जास्त गुण कोणाला देणार?

डावा_बॅक

थ्रो_इन, जपान २०११ मान्य. आतापर्यंतच्या यादीत तेच पहिलं, असं म्हणायला माझी हरकत नाही.

अतिरिक्त_वेळ

तुम्ही सगळे मैदानावरच्या रेषा काढताय, कोणी पायांकडे बघत नाही. बाद फेरीतले कित्येक उलटफेर थकव्यातून येतात.

आशियाई चषक, फेब्रुवारी २०२४, उपांत्य फेरी. जॉर्डन २, दक्षिण कोरिया ०. सोन, ली कांग-इन, सगळे मैदानात असताना कोरियाचा गोलच्या दिशेने एकही अचूक फटका नाही. "जॉर्डनने कोरियाचा प्रशिक्षक क्लिन्समनला डावपेचात मात दिली" असं सगळीकडे छापून आलं. पण त्याआधीच्या फेऱ्या बघा. कोरिया सौदीविरुद्ध शूटआउटपर्यंत गेलं, मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा जादा वेळ. जॉर्डनने आपले दोन्ही सामने नव्वद मिनिटांत संपवलेले. वर किम मिन-जे निलंबित. अल-तामारीने दुसऱ्या गोलच्या वेळी मधून सरळ पळ काढला तेव्हा त्याला अडवायला निघालेल्यांचे पाय उचलले जात नव्हते.

दुसऱ्या बाजूला क्रोएशिया. २०१८मध्ये डेन्मार्क आणि रशियाविरुद्ध शूटआउट, इंग्लंडविरुद्ध जादा वेळ. २०२२मध्ये जपान आणि ब्राझीलविरुद्ध शूटआउट. हे लोक थकत का नाहीत? मला वाटतं कारण ते १२० मिनिटांचाच सामना खेळतात. मोड्रिच, ब्रोझोविच, कोवाचिच चेंडू ठेवून विश्रांती घेतात. बाकीच्या संघांना चेंडू मिळाला की धावायचं असतं, यांना चेंडू मिळाला की बसायचं असतं.

ऑफसाइड

क्रोएशिया-ब्राझील २०२२ हा सामना तर ब्राझीलने स्वतः घालवला. १०५+१ला नेमारचा अप्रतिम गोल. राहिली पंधरा मिनिटं. क्रोएशियाने तोवर गोलकडे एक धड फटका मारलेला नाही. आणि ११७व्या मिनिटाला ब्राझीलचे सहा-सात खेळाडू समोरच्या अर्ध्यात! ओर्सिच डावीकडून मोकळा सुटतो, पेटकोविचचा फटका मार्किन्योसला लागून आत. क्रोएशियाचा सामन्यातला गोलच्या दिशेने गेलेला तो एकच फटका. चार मिनिटं चेंडू कॉर्नरला धरून ठेवायची अक्कल नसेल तर त्याला क्रोएशियाचा डावपेच कसं म्हणू?

शूटआउटमध्ये रॉड्रिगोची पेनल्टी लिवाकोविचने अडवली, मार्किन्योसने पोस्टला मारली आणि नेमार पाचव्या क्रमांकाची वाट बघत मध्यरेषेवर उभा राहिला. त्याची पाळी आलीच नाही.

अतिरिक्त_वेळ

पाचवा क्रमांक ठेवण्यात चूक काय? शेवटची निर्णायक पेनल्टी सर्वांत मोठ्या खेळाडूने घ्यायची, हे सगळेच करतात.

ऑफसाइड

सगळेच करत नाहीत. त्याच रात्री अर्जेंटिनाने नेदरलँड्सविरुद्ध मेस्सीला पहिल्या क्रमांकावर पाठवलं. अंतिम सामन्यातही पहिलीच. फ्रान्सकडून एम्बापेही पहिलाच आला. पाचवी पेनल्टी येईलच याची खात्री नसते, पहिली तर येतेच.

मधली_फळी

नेदरलँड्सचा विषय निघाला म्हणून. त्या सामन्यात ०-२ मागे असताना त्यांचा प्रशिक्षक फान खालने वेगहोर्स्टला उतरवलं. त्याने ८३व्या मिनिटाला एक गोल केला, आणि भरपाई वेळेच्या अकराव्या मिनिटाला ती फ्री किक. सगळ्यांना वाटलं कोपमाइनर्स थेट गोलवर मारणार, त्याने भिंतीच्या बाजूने सरळ जमिनीवरून पास दिला आणि वेगहोर्स्टने वळून मारला. असा पास शेवटच्या क्षणी द्यायला जिगर लागते. हाच फान खाल २०१४मध्ये कोस्टा रिकाविरुद्ध शूटआउटच्या तोंडावर गोलरक्षक बदलून मोकळा झाला होता. क्रूलने येऊन दोन पेनल्टी अडवल्या. पुढच्या फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध बदल शिल्लक नव्हता, सिलेसनच राहिला आणि शूटआउटमध्ये हरले.

गोलपोस्ट

सर्वांत मोठा उलटफेर कोणी घेतलाच नाही. १९५०चा अंतिम सामना. माराकाना, ब्राझील हरलं, उरुग्वे २-१.

लिबेरो

तो अंतिम सामना नव्हता, बाद फेरीतलाही नव्हता. १९५०मध्ये शेवटच्या चार संघांची साखळी होती आणि ब्राझीलला फक्त बरोबरी पुरेशी होती. त्यामुळेच तर डावपेचांच्या दृष्टीने तो सामना जास्त विचित्र आहे: १-० पुढे असलेल्या संघाला एक गोल खाऊनही चाललं असतं, आणि तरी घिज्जियाचा ७९व्या मिनिटाचा गोल झाला. पण धाग्याच्या अटीत बसत नाही.

गोलपोस्ट

अटी तुमच्या, आनंद उरुग्वेचा.

अतिरिक्त_वेळ

युरो स्पर्धा, फ्रान्स-स्वित्झर्लंड, २८ जून २०२१, बुखारेस्ट. हा सामना डावा_बॅक यांच्या कसोटीच्या उलट आहे म्हणून टाकतो. इथे लहान संघानेच पहिला गोल केला, सेफेरोविचचा, पंधराव्या मिनिटाला. फ्रान्सचा प्रशिक्षक देशाँने त्या दिवशी तीन मध्य बचावपटूंची रचना करून बघितली आणि मध्यांतरालाच ती गुंडाळली. ५५व्या मिनिटाला स्वित्झर्लंडला पेनल्टी, २-० होणार, रॉड्रिग्जची पेनल्टी लोरिसने अडवली. पुढच्या चार मिनिटांत बेन्झेमाचे दोन गोल. ७५व्या मिनिटाला पोग्बाचा तो लांबून वळवलेला गोल आणि त्याचं ते नाचणं. ३-१. कोणत्याही लहान संघाची कंबर इथे मोडते.

८१ला पुन्हा सेफेरोविच. ८८व्या मिनिटाला देशाँ ग्रीझमानला काढून सिसोकोला आणतो. ९०व्या मिनिटाला झाकाचा मधून कापणारा पास आणि गावरानोविचची बरोबरी. जादा वेळेत ग्रीझमान नाही, बेन्झेमाही बाहेर. शूटआउटमध्ये शेवटची पेनल्टी एम्बापेची आणि सोमरने ती अडवली. ५-४.

इथे स्वित्झर्लंडचा प्रशिक्षक पेटकोविचने रचना फारशी बदललीच नाही. पुढे असतानाही, मागे असतानाही तसेच खेळत राहिले. मला वाटतं हाही डावपेचच, फक्त तो फळ्यावर काढता येत नाही.

सहावा_राखीव

देल पिएरो-गातुसो, ग्रीझमान-सिसोको. आघाडी राखायला चांगला आघाडीपटू काढण्याची ही पद्धत बड्या संघांचीच दिसते. लहान संघांकडे काढायला तितके चांगले आघाडीपटू नसतात म्हणून ते वाचतात.

लिबेरो

सहावा_राखीव, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

डावा_बॅक, मोरोक्कोबद्दल एक शेवटचं, कारण तुम्ही तिथून सुरू केलंत. जानेवारी २०२४, आफ्रिकन नेशन्स कप, उपउपांत्यपूर्व फेरी. आता मोरोक्को बडा संघ, विश्वचषकाचा उपांत्य फेरीवाला, तोच रेग्रागुई. समोर दक्षिण आफ्रिका. चेंडू मोरोक्कोकडे, समोर शिस्तीत उभी असलेली बचावफळी. ५७व्या मिनिटाला माकगोपाचा गोल. ८५व्या मिनिटाला मोरोक्कोला पेनल्टी, हकीमीने क्रॉसबारला मारली. हो, तोच हकीमी. भरपाई वेळेत अम्राबातला लाल कार्ड आणि त्याच फ्री किकवर मोकोएनाचा दुसरा गोल.

स्पेनला जे करायला लावलं तेच मोरोक्कोला करावं लागलं आणि जमलं नाही. बचाव कसा करायचा हे ज्याला सर्वांत चांगलं कळतं, त्यालाही तो फोडता येईलच असं नाही.

डावा_बॅक

हा सामना मी पाहिलेला नाही, आता शोधून बघतो. पण माकगोपाच्या गोलनंतर मोरोक्कोने रचना बदलली की तेच चालू ठेवलं, ते कोणी सांगेल का? पेनल्टी सोडली तर बाकीच्या वेळात काय केलं, हे जास्त महत्त्वाचं.

थ्रो_इन

ते कोणीतरी सांगेल, तोवर एक वाद लावून जाते. डेन्मार्क, युरो १९९२. युगोस्लाव्हियाच्या जागी ऐन वेळी बोलावलेला संघ, उपांत्य फेरीत नेदरलँड्सला शूटआउटमध्ये हरवतो, गोलरक्षक श्मायकेल फान बास्तेनची पेनल्टी अडवतो, अंतिम सामन्यात जर्मनीला २-०. परीकथा वगैरे सगळं खरं. पण अंतिम सामन्याचं चित्रण काढून बघा, पुढे असताना डेन्मार्क चेंडू कितीदा श्मायकेलकडे परत देतं आणि तो किती आरामात हातात घेतो ते मोजा. त्याच उन्हाळ्यात गोलरक्षकाला बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने परत दिलेला चेंडू, हातात घ्यायला बंदी आली. नवा नियम दोन महिने आधी लागू असता तर जेन्सनच्या १८व्या मिनिटाच्या गोलनंतर विलफोर्टच्या ७८व्या मिनिटाच्या गोलपर्यंतचा तो तास डेन्मार्कने काढला असता का?

माझं उत्तर: नाही.

लिबेरो

जर्मनीचे बचावपटूही तेच करत होते की, थ्रो_इनताई. नियम दोघांना सारखाच.

थ्रो_इन

काका, सारखा नियम मागे असलेल्याच्या काय कामाचा? वेळ तर पुढे असलेल्यालाच काढायचा असतो.